सीबी रेडिओची व्हिप अँटेना: आधी गाडीवरची जागा, मग काडी

सीबी (सिटिझन्स बँड) म्हणजे गाडीतून दुसऱ्या गाडीशी बोलायचा छोट्या पल्ल्याचा रेडिओ. त्याची काडीसारखी (व्हिप) अँटेना विकत घेण्याआधी एक काम करा. फ्रिजवरचा एखादा चुंबक काढा आणि आपल्या गाडीभोवती सावकाश एक फेरी मारा. छताला लावून बघा, बॉनेटला, दारांना, डिकीच्या झाकणाला, मागच्या फेंडरला. कुठे तो टक्‌कन चिकटतो आणि कुठे हातातून सुटून खाली पडतो ते लक्षात ठेवा. कोणती अँटेना घ्यायची याचं निम्मं उत्तर या पाच मिनिटांत मिळतं.

माझ्या जीप रँग्लरवर हा चुंबक दारांना चिकटत नाही, बॉनेटला नाही आणि मागच्या फाटकालाही नाही. २०१८ पासूनच्या या मॉडेलमध्ये दारं आणि बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे, मागच्या फाटकात मॅग्नेशियम वापरलंय आणि छत तर धातूचं नाहीच. शेजारच्यांच्या जुन्या सेडानवर तोच चुंबक जिथे लावाल तिथे बसतो. म्हणजे जी अँटेना ते दहा मिनिटांत लावून मोकळे होतात, ती मला लावताच येत नाही.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, लांबच्या रस्त्यांवर आणि डोंगरातल्या कच्च्या वाटांवर गाडी घालणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. मी कोलोरॅडोत राहतो. इथून यूटाकडे आय-७० ने निघालं की ग्रीन रिव्हर ते सलायना असा पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपासचा पट्टा लागतो. त्यात ना पेट्रोल पंप, ना चहाची सोय. फोनला रेंज असेलच याची खात्री नाही. अशा ठिकाणी १९ नंबरच्या चॅनेलवर समोरून येणारा ट्रकवाला पुढे बर्फ आहे, डावी लेन बंद आहे असं सांगतो, तेव्हा हा जुना रेडिओ गाडीत असल्याचं समाधान वाटतं.

सीबीला अमेरिकेत लायसन्स लागत नाही. २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झमध्ये ४० चॅनेल आहेत आणि एएमवर ४ वॅटपर्यंत पॉवर वापरता येते. त्याहून जास्त नाही. मागे अ‍ॅम्प्लिफायर जोडून पॉवर वाढवणं बेकायदा आहे. शंभर डॉलरचा सेट घ्या नाहीतर तीनशेचा, हवेत जाणारे वॅट तेवढेच. म्हणून पैसे आणि मेहनत जिथे घालायची ती जागा म्हणजे अँटेना. साधा सेट आणि नीट बसवलेली अँटेना ही जोडी, महागडा सेट आणि कशीतरी अडकवलेली अँटेना या जोडीपेक्षा नेहमी लांबवर ऐकू येते. हे मी स्वतःच्या गाडीवर अनुभवलं आहे.

एक सूचना इथेच देऊन ठेवतो. हा सेट सुट्टीत भारतात नेऊन तिथल्या गाडीत लावू नका. तिथे परवान्याशिवाय वापरायला मोकळा पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढाच आहे आणि अमेरिकन सेटचे २८ ते ४० हे चॅनेल सरळ त्याच्या बाहेर पडतात.

निम्मी अँटेना म्हणजे गाडीच

२७ मेगाहर्ट्झची लहर साधारण ११ मीटर लांब असते. गाडीवर उभी करायची काडी या लहरीच्या एक चतुर्थांश, म्हणजे सुमारे पावणेतीन मीटर असावी लागते. जीएमआरएस नावाचा जो दुसरा रेडिओ हल्ली जीपवाल्यांत चालतो, तो ४६२ मेगाहर्ट्झवर असल्यामुळे त्याची काडी वीतभरही भरत नाही. सीबीची सगळी डोकेदुखी या लांबीतून येते.

पण पावणेतीन मीटरची काडी ही अर्धीच अँटेना. तळ्याकाठच्या झाडाचं पाण्यात उलटं प्रतिबिंब दिसतं ना, तसं काडीच्या खाली जो धातू पसरलेला असतो तो तिचं प्रतिबिंब तयार करतो आणि दोन्ही मिळून अँटेना पूर्ण होते. याला ग्राउंड प्लेन म्हणतात. गाडीचा पत्रा, चासी, बॉनेट हे सगळं त्यात येतं. काडी कितीही उत्तम असो, खाली धातू नसेल किंवा असून तिच्याशी जोडलेला नसेल, तर रेडिओतून निघालेली पॉवर हवेत जायच्या ऐवजी केबलमधून परत मागे येते.

इथे अ‍ॅल्युमिनियमबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. चुंबक चिकटत नाही म्हणून तो पत्रा निरुपयोगी, असं नाही. २०१५ पासूनच्या फोर्ड एफ-१५० ची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे. तिच्यावर मॅग्नेट माउंट, म्हणजे चुंबकाने पत्र्याला चिकटणारं अँटेनाचं बूड, बसणार नाही, पण बोल्टने अँटेना कसली तर ग्राउंड प्लेन म्हणून ती बॉडी उत्तम काम करते. अडचण खरी येते ती फायबरच्या आरव्हीला (आत राहता येतं अशा मोठ्या गाडीला), कापडी छताला आणि काचेच्या छताला. तिथे धातूच नाही. अशा गाड्यांसाठी 'नो ग्राउंड प्लेन' प्रकारचा संच वेगळा मिळतो. त्यात अँटेना आणि केबल एकमेकांसाठीच बनवलेल्या असतात. त्यातली केबल कापायची नाही, बदलायची नाही आणि ती काडी साध्या केबलला लावायची नाही.

जागा ठरवणं

सगळ्यात चांगली जागा छताचा मध्य. चारही बाजूंना सारखा धातू, म्हणून चारही दिशांना सारखा आवाज जातो. काडी जसजशी एका कोपऱ्याकडे सरकते, तसतसा सिग्नल जिकडे जास्त धातू आहे तिकडे झुकतो. मागच्या डाव्या बंपरवर लावलेली काडी पुढे उजवीकडे जास्त जोरात बोलते आणि मागे डावीकडे कमी. पुढेमागे रांगेत चालणाऱ्या ताफ्यात याचा फरक जाणवतो. कोण आपल्याला नीट ऐकू शकतो हे आपण रांगेत कुठे आहोत यावर ठरतं.

दुसरा नियम उंचीचा. काडीचा निदान वरचा एक तृतीयांश भाग छताच्या वर मोकळ्या हवेत हवा. छोटी काडी बंपरवर लावली आणि ती अख्खी मागच्या काचेच्या आड राहिली, तर गाडीचा पत्रा तिला एका अंगाने झाकून टाकतो. दिसायला ते छान दिसतं, पण उपयोग फार कमी होतो.

आपल्या मंडळींकडे ज्या गाड्या दिसतात त्या धरून सांगायचं तर:

सेडान किंवा एसयूव्ही, छत लोखंडी: मॅग्नेट माउंट, शक्य तितका मधोमध. मोठं सनरूफ असेल तर त्याच्या मागच्या पत्र्यावर, आणि तिथेही जागा नसेल तर डिकीच्या झाकणाच्या कडेला स्क्रूने कसायचं माउंट.

पिकअप: मागच्या हौद्याच्या कठड्यावर चौकोनी खाचा असतात. त्यात बसणारं माउंट मिळतं. केबिनच्या जवळची खाच निवडा. बॉनेट आणि फेंडरच्या फटीत बसणारा ब्रॅकेटही चांगला, फक्त चालकाच्या नजरेसमोर काडी येणार नाही अशी बाजू घ्या.

रँग्लर: मागच्या स्टेपनीच्या पाठीमागचा ब्रॅकेट. छत धातूचं नसल्यामुळे दुसरा सोयीचा पर्याय फारसा उरत नाही. या जागेचे स्वतःचे त्रास आहेत, ते पुढे सांगतो.

छतावर सामानाचा कॅरियर असेल तर त्यावर अँटेना लावायचा मोह होतो. बहुतेक कॅरियर रबरी पायांवर आणि जाड रंगाच्या थरावर उभे असतात. म्हणजे वरून दणकट, पण विजेच्या दृष्टीने गाडीपासून तुटलेले. तिथे लावायचंच असेल तर कॅरियरपासून बॉडीपर्यंत तांब्याची पट्टी ओढायची तयारी ठेवा.

ट्रकवाल्यांसारख्या दोन अँटेना लावू नका. दोन काड्यांमध्ये लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढं, म्हणजे सुमारे नऊ फूट अंतर असेल तर त्या जोडीचा काही अर्थ. मोठ्या ट्रकच्या दोन आरशांमध्ये ते कसंबसं जमतं, गाडीला आणि पिकअपला जमत नाही. खर्च दुप्पट, ट्यूनिंगचा त्रास दुप्पट आणि फायदा शून्य.

काडी निवडणं

पूर्ण लांबीची काडी म्हणजे १०२ इंची स्टेनलेस स्टीलची व्हिप. तिच्याखाली सहा इंची स्प्रिंग लावली की लांबी नऊ फूट भरते. तिच्यात कॉइल नाही, म्हणजे कॉइलमध्ये वाया जाणारी पॉवर नाही. जुने सीबीवाले अजून तिचीच शपथ घेतात आणि ते बरोबर आहे. पण ती छतावर लावता येत नाही, बंपरवर किंवा मागच्या कोपऱ्यातच लावावी लागते. वेगात ती मागे वाकते, झाडांच्या फांद्यांत अडकते आणि गॅरेजमध्ये शिरताना दर वेळी त्रास देते. मोकळ्या मैदानी प्रदेशात राहणारा, पिकअप अंगणात उभी करणारा माणूस असेल तर जरूर घ्यावी.

बाकी सगळ्या काड्या आखूड केलेल्या असतात आणि कमी पडलेली लांबी तारेच्या वेटोळ्याने, म्हणजे कॉइलने भरून काढतात. ही कॉइल कुठे आहे यावर बरंच अवलंबून असतं. विजेचा प्रवाह काडीच्या बुंध्याशी सर्वात जास्त असतो आणि टोकाकडे कमी होत जातो. हवेत लहर सोडण्याचं बरंचसं काम हा जोरदार प्रवाहाचा भागच करतो. कॉइल वर सरकवली की तो प्रवाह जास्त लांबीवर टिकतो. म्हणून फायबरग्लासच्या काड्या, ज्यांच्यावर तार वरच्या भागात दाट गुंडाळलेली असते, त्या बंपर, हौदा, स्टेपनी अशा खालच्या जागांसाठी चांगल्या. फिनिक्सची फायरस्टिक ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली. बुंध्याशी कॉइल असलेल्या काड्या छतावरच्या मॅग्नेटसाठी योग्य, कारण तिथे उंची आपोआप मिळते आणि वरची बारीक स्टीलची काडी वाऱ्याला कमी विरोध करते. मधोमध कॉइल असलेल्या जाडजूड काड्या ट्रकच्या आरशांसाठी आहेत, त्या त्यांनाच ठेवू द्या.

लांबी किती घ्यायची? तुम्हाला रोजच्या वापरात सहन होईल तेवढी जास्तीत जास्त. चार फूट हा फायबरग्लासचा माझ्या मते योग्य मध्य आहे. पाच फुटी मिळाली आणि झाडी कमी असेल तर उत्तम. तीन फूट ही माझी खालची मर्यादा. दोन फुटी काडी चाळीसपैकी मधल्या काही चॅनेलवरच नीट जुळते, दोन्ही टोकांना बिघडते आणि आवाज फार लांब जात नाही. घेताना टोकाला फिरवून लांबी कमीजास्त करता येणारा स्क्रू आहे का ते बघा. नसेल तर ट्यून करताना वरची तार सोडवून कापावी लागते, आणि एकदा कापलेलं परत जोडता येत नाही.

बसवणं

मॅग्नेट माउंटमध्ये शिकण्यासारखं थोडंच आहे, पण ते थोडं मनावर घ्या. छताची जागा ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा, मॅग्नेटचा तळही पुसा. लोखंडाचे बारीक कण तिथे चिकटलेले असतात आणि तेच रंगावर ओरखडे काढतात. मॅग्नेट ठेवताना एक कड आधी टेकवा, मग दुसरी सोडा. काढताना तसंच एका कडेने उचला. सरकवायचं नाही. पाच इंची किंवा त्याहून मोठा मॅग्नेट घ्या. तो फक्त पकड म्हणून नव्हे: मॅग्नेटचा तळ, रंगाचा थर आणि छताचा पत्रा मिळून एक कपॅसिटर बनतो आणि ग्राउंड त्यातूनच मिळतं. तळ मोठा तेवढं ग्राउंड चांगलं.

आता बोल्टचं माउंट. मी स्टेपनीच्या ब्रॅकेटवर चार फुटी फायबरग्लासची काडी कशी बसवली ते क्रमाने सांगतो, कारण पिकअपच्या आणि बॉनेटच्या माउंटलाही हाच क्रम लागू पडतो.

ब्रॅकेट आधी काडीशिवाय लावून बघितला. फाटक पूर्ण उघडलं, बंद केलं, वायपर चालवला, स्टेपनी चढवून पाहिली. कुठे अडत नाही याची खात्री झाल्यावर तो काढला आणि त्याच्या बोल्टखालचा रंग सँडपेपरने धातू चकाकेपर्यंत घासला. गाडीच्या बाजूलाही तेवढीच जागा घासली. चकाकलेला धातू चकाकलेल्या धातूवर बसला पाहिजे. मध्ये दातेरी वॉशर घातला की तो दोन्ही बाजूंना चावतो आणि हादऱ्यांनी जोड सैल होत नाही.

मग स्टड, म्हणजे ब्रॅकेटच्या भोकात बसणारा खुंटा, ज्याच्या वर काडी आणि खाली केबल बसते. सीबीच्या काड्यांचा आटा बहुतेक ३/८ इंची, इंचाला २४ फेरे असा ठरलेला असतो, त्यामुळे काडी एका कंपनीची आणि स्टड दुसऱ्या कंपनीचा चालतो. स्टडचा खालचा भाग, जिथे केबलचा कनेक्टर फिरवून बसतो, तो ब्रॅकेटला चिकटलेला हवा, कारण केबलची बाहेरची जाळी तिथून ग्राउंड होते. मधली पिन मात्र काडीला मिळाली पाहिजे आणि ब्रॅकेटला जराही शिवता कामा नये. ही फारकत करतो तो एक नायलॉनचा पांढरा वॉशर. त्याला एका बाजूला छोटी उंच कड असते. ती कड ब्रॅकेटच्या भोकात उतरली पाहिजे. वॉशर उलटा बसला किंवा कड भोकात न जाता काठावर चिरडली, की स्टडचा काडीकडचा भाग ब्रॅकेटला टेकतो आणि सगळी पॉवर थेट जमिनीत. पाना फिरवताना बोटाने वॉशर जागेवर धरा आणि अर्धं कसून झाल्यावर खाली वाकून एकदा डोळ्यांनी बघा.

खाली स्प्रिंग लावा, निदान कच्च्या रस्त्यासाठी तरी. फांदी लागली की काडी वाकून परत उभी राहते, नाहीतर ताण ब्रॅकेटवर येतो आणि पत्रा फाटतो. पटकन काढता येणारा जोड लावला तर गाडी धुवायला नेताना सोय होते. दोन्हीमुळे लांबी वाढते, म्हणून ट्यूनिंगच्या आधी बसवा, नंतर नाही.

छताला भोक पाडून एनएमओ माउंट बसवणं हा सर्वात पक्का उपाय. पाऊण इंची भोक लागतं. हे काम मी स्वतः न करता रेडिओ बसवणाऱ्या दुकानातून करून घेईन, आणि तुम्हालाही तेच सुचवतो. छताच्या कडेने पडद्यासारख्या एअरबॅग असतात, आतल्या दिव्याच्या तारा असतात, आडव्या पट्ट्या असतात. त्या चुकवायला सराव लागतो.

केबल

५० ओहमची कोअ‍ॅक्स केबल, आरजी-५८ किंवा थोडी जाड आरजी-८एक्स. टीव्हीची ७५ ओहमची केबल घरात पडलेली असेल तरी वापरू नका. केबल १८ फुटांचीच हवी असं सगळीकडे ऐकू येतं. १८ फूट ही मोकळ्या हवेतल्या अर्ध्या लहरीची लांबी. केबलच्या आत लहर हळू चालते, त्यामुळे तो हिशेब तिथे जसाच्या तसा लागतच नाही. ग्राउंड चांगलं असेल तर लांबीने फरक पडत नाही. तरी तयार केबल १८ फुटांची मिळते म्हणून मीही तीच घेतली. उरलेली केबल घट्ट गुंडाळून टाय मारू नका, सीटखाली मोठ्या सैल आठच्या आकारात पसरून ठेवा.

गाडीत घेताना दाराच्या रबराच्या खालच्या मागच्या कोपऱ्यातून घ्या. वरून घेतली तर पावसाचं पाणी केबलवरून ओघळत आत येतं. आत येण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतो. दार बंद केल्यावर केबल चेपत नाही ना, हे बोटाने चाचपून बघा. आतून ती दाराच्या उंबऱ्याच्या प्लास्टिकखालून, कार्पेटच्या कडेने पुढे न्या. खांबांच्या आत एअरबॅग असतात, त्यांच्यावरून किंवा आडवी केबल कधीही नेऊ नका. अपघातात ती एअरबॅगला अडवेल किंवा चाबकासारखी तोंडावर येईल. बाहेरच्या कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. पाणी जाळीत शिरलं की केबल आतून काळी पडते आणि काही महिन्यांत फेकावी लागते.

बोलायच्या आधी मल्टिमीटर

आता मायक्रोफोनला हात लावायचा नाही. रेडिओकडचा कनेक्टर मोकळा ठेवा आणि मल्टिमीटर बीप वाजेल अशा ठिकाणी लावा.

एक टोक मधल्या पिनला, दुसरं काडीच्या बुंध्याशी: बीप वाजली पाहिजे. एक टोक कनेक्टरच्या बाहेरच्या कवचाला, दुसरं गाडीच्या उघड्या बोल्टला: बोल्टच्या माउंटला बीप वाजली पाहिजे (मॅग्नेट माउंटला वाजणार नाही, त्याचं ग्राउंड रंगाच्या थरातून, कपॅसिटरसारखं मिळतं). मग काडी काढून एक टोक पिनला, दुसरं कवचाला: बीप वाजता कामा नये. वाजली तर नायलॉनचा वॉशर तपासा, दहापैकी बहुतेक वेळा तोच असतो. बुंध्याशी कॉइल असलेल्या काही मॅग्नेट अँटेनांत मात्र ही शेवटची बीप मुद्दामच वाजते, त्यांची रचनाच तशी असते. पत्रकात बघून घ्या.

एसडब्ल्यूआर जुळवणं

गेलेल्या पॉवरपैकी किती परत येते याचं हे माप. १.५ असेल तर सुमारे ४ टक्के परत येते, २ असेल तर ११ टक्के, ३ असेल तर २५ टक्के. १.५ च्या आत आलं तर फार छान, २ पर्यंत बिनधास्त वापरा, ३ च्या पुढे असेल तर बोलू नका, रेडिओचा शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. अँटेना न जोडता बोलायचं बटण दाबू नये ते याचसाठी.

मीटर २७ मेगाहर्ट्झला चालणारा घ्या. गाडी मोकळ्या मैदानात न्या, भिंतीपासून, दिव्यांच्या खांबांपासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून दूर. मी रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये जातो. दारं, बॉनेट, फाटक सगळं बंद. माणसं गाडीत बसतात तशी बसलेली, काडीजवळ कुणी उभं नाही. हे एवढं काटेकोर का, तर एकदा फाटक उघडं असताना मी आकडा घेतला होता आणि बंद केल्यावर तो पूर्ण बदलला होता.

मीटर रेडिओ आणि अँटेनाच्या मधे, दोन-तीन फुटांच्या छोट्या केबलने जोडा. चॅनेल १ वर या. कुणी बोलत नाही ना, ऐका. मीटर पुढच्या पॉवरवर ठेवा, माइकचं बटण दाबा, काटा 'सेट'च्या खुणेवर आणा, बटण दाबलेलंच ठेवून मीटर परतीच्या पॉवरकडे वळवा, आकडा वाचा, बटण सोडा. पाच सेकंदांचं काम. कागदावर लिहा. मग चॅनेल ४० वर हेच, काटा पुन्हा सेट करून. मग २० वर.

आता तीन आकडे समोर आहेत. ४० ला जास्त आणि १ ला कमी असेल तर काडी लांब आहे. १ ला जास्त आणि ४० ला कमी असेल तर काडी आखूड आहे. मी हे असं पाठ केलं आहे: चाळीसला चढला तर छाटा, एकला चढला तर वाढवा. दोन्ही टोकांना जवळपास सारखा आणि मध्ये कमी आला की काम झालं.

किती फिरवायचं याचा अंदाज असावा. पूर्ण लांबीच्या काडीत चॅनेल १ आणि चॅनेल ४० यांच्यातला फरक सुमारे साडेचार सेंटिमीटरचा आहे. कॉइलच्या आखूड काडीत टोकाची थोडीशी लांबीही जास्त परिणाम करते. म्हणून टोकाचा स्क्रू एका वेळी अर्धा फेरा, कापायची काडी असेल तर एका वेळी ३ मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. टोकाची रबरी टोपी प्रत्येक मापाच्या वेळी लावलेली असू द्या, तिनेही आकडा हलतो. स्टीलची काडी कापताना चष्मा घाला आणि कापल्यावर टोकाचा गोल मणी परत बसवा. उघडं टोक माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर येतं.

तिन्ही चॅनेलवर ३ च्या पुढे आलं तर लांबीला हात लावू नका. हे मी तीन संध्याकाळ वाया घालवून शिकलो. माझ्या जीपवर आकडे सगळीकडे तीनच्या वर. मी टोकाचा स्क्रू पूर्ण आत घेतला, पूर्ण बाहेर काढला, केबल बदलली, काहीच हलेना. मल्टिमीटर म्हणत होता ग्राउंड ठीक आहे. शेवटी फाटकाच्या बिजागऱ्यांकडे लक्ष गेलं. ब्रॅकेट फाटकाला नीट जोडलेला होता, पण फाटक बॉडीला फक्त रंगवलेल्या बिजागऱ्यांमधून आणि कुलपातून कसंबसं टेकत होतं. मल्टिमीटरच्या बारीक करंटला तेवढा रस्ता पुरला, रेडिओच्या लहरीला नाही. अर्धा इंच रुंदीची, कथिल चढवलेली तांब्याची विणलेली पट्टी फाटकापासून बॉडीच्या बोल्टपर्यंत ओढली. फूटभर लांब असेल. दोन्ही टोकांखालचा रंग घासला, दातेरी वॉशर, वर ग्रीस. पुन्हा मीटर लावला: १ वर १.६, २० वर १.३, ४० वर १.७. पट्टी रुंद आणि आखूड हवी, साधी गोल वायर हे काम करत नाही, कारण या फ्रीक्वेन्सीला प्रवाह पृष्ठभागावरूनच वाहतो.

पिकअपच्या हौद्याला आणि डिकीच्या झाकणालाही हीच पट्टी लागते. इंजिन चालू झालं की रेडिओत घरघर येत असेल तर बॉनेटपासून बॉडीपर्यंत अशीच एक पट्टी लावून बघा आणि रेडिओची वीज सिगारेट लायटरच्या सॉकेटऐवजी थेट बॅटरीवरून, फ्यूज घालून घ्या.

रस्त्यावर निघाल्यावर

गाडीची नवी उंची मोजा, काडीच्या टोकापर्यंत, आणि आकडा चालकासमोर चिकटवून ठेवा. शहरातल्या बऱ्याच पार्किंगची उंची सात फुटांच्या आसपास असते. लांब काडी असलेली गाडी विजेच्या तारांखाली उभी करून काडी वर-खाली करायची नाही. बोलत असताना कुणी, विशेषतः मुलांनी, काडीला हात लावू नये. चार वॅटलाही बोटाला चटका बसतो.

आवाज किती लांब जातो याची अपेक्षा योग्य ठेवा. मला सपाट माळावर सहा ते आठ किलोमीटर स्वच्छ मिळतं, दरीत वळणामागे दोनही मिळत नाहीत. कधी कधी दुपारी अचानक हजार मैलांवरचे लोक ऐकू येतात. ती आयनोस्फिअरची, म्हणजे लहरी परत खाली वळवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराची करामत, तुमच्या अँटेनाची नाही. चाचणीसाठी १९ वर थोडं थांबून, गडबड नसेल तेव्हा 'रेडिओ चेक' विचारा, कुणीतरी ट्रकवाला उत्तर देतोच. ९ नंबर संकटासाठी राखलेला आहे, तिथे चाचणी करू नका.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर एकदा सगळे नट पान्याने तपासा. हादऱ्यांनी पहिल्या वेळेस ते थोडे तरी सैल होतातच. आणि हिवाळा संपल्यावर, रस्त्यावरचं मीठ धुऊन निघालं की ब्रॅकेट उघडून पट्टीची दोन्ही टोकं बघा. हिरवी झाली असतील तर घासून परत कसा आणि मीटरवर तेच तीन चॅनेल पुन्हा मोजा. माझा मागच्या वर्षीचा कागद ग्लव्ह बॉक्समध्येच आहे, त्याच्याशी आकडे ताडून बघतो.